विसराळूपणा वाढलेल्या ज्येष्ठांसाठी मेंदूचे खेळ: किती उपयोगी, कोणते निवडावेत?

"वडील फार विसरायला लागलेत, मोबाइलमध्ये मेंदूच्या व्यायामाचे ॲप टाकून देऊ का?" पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात हा प्रश्न आता डॉक्टरांना वरचेवर विचारला जातो. साठ-सत्तरच्या दशकांत मराठवाडा, खानदेश, विदर्भातून येऊन टेल्को, बजाज ऑटो, हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या कारखान्यांत लागलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे.

थोडक्यात उत्तर असे: खेळ जरूर खेळू द्या, पण ते तपासणीच्या किंवा औषधाच्या जागी नकोत.

आधी तपासणी

बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, दारू यांमुळेही विसरायला होते आणि यांवर उपचार आहेत. कान तपासायला तर विसरूच नका. प्रेसशॉपमध्ये किंवा फोर्जिंगच्या हॅमरजवळ वीस-तीस वर्षे काढलेल्या माणसाला अनेकदा कमी ऐकू येते. तो भलतेच उत्तर देतो आणि घरचे म्हणतात, "यांच्या लक्षात राहत नाही." शिवाय बहिरेपणा हा डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानला जातो. अशा वेळी ॲपपेक्षा कानाच्या यंत्रावर केलेला खर्च अधिक कामाचा.

गोंधळ काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक वाढला, बोलणे अडखळले किंवा पडल्यानंतर वागणे बदलले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ॲपने खरेच फरक पडतो का?

अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्या कौशल्याचा सराव केला ते सुधारले, पण पहिल्या दोन वर्षांत रोजच्या कामांत फरक दिसला नाही. म्हणजे आकडे लक्षात ठेवण्याच्या खेळात वडील पटाईत झाले, म्हणून गॅस बंद करायचे लक्षात राहीलच असे नाही. २०१६ मध्ये 'लुमॉसिटी' या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीने फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात अमेरिकी सरकारी यंत्रणेशी २० लाख डॉलर देऊन तडजोड केली. "डिमेन्शिया रोखा" म्हणून वर्षभराची वर्गणी मागणाऱ्यांपासून लांब राहा.

एक निष्कर्ष मात्र मला आवडतो. स्मरणशक्तीत सौम्य बिघाड असलेल्या १०७ जणांवरील २०२२ च्या अभ्यासात, संगणकावरील खास खेळांपेक्षा शब्दकोडी सोडवणाऱ्यांची प्रगती थोडी बरी दिसली. अभ्यास लहान आहे, पण वर्तमानपत्रातल्या कोड्याला कमी लेखू नका!

कोणते खेळ?

बिघाड सौम्य असेल, म्हणजे माणूस स्वतःचे व्यवहार सांभाळत असेल, तर शब्दकोडे, रमी, बुद्धिबळ, कॅरम यांपैकी पूर्वी आवडत असलेले निवडा. सत्तरीत नवा इंग्रजी खेळ माथी मारू नका.

डिमेन्शियाचे निदान झाले असेल, तर जिंकण्या-हरण्याचे खेळ त्रासदायक ठरू शकतात. 'कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी' ही ब्रिटनमध्ये विकसित झालेली पद्धत इथे उपयोगी पडते. सौम्य ते मध्यम डिमेन्शियात तिचा थोडा, पण खरा फायदा दिसला आहे. मूळ पद्धतीत आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, लहान गटात बैठका होतात. जुने फोटो, गाणी, पदार्थ, नाणी यांवर गप्पा होतात आणि बरोबर उत्तरापेक्षा मत विचारले जाते.

हेच घरी करता येते. फिटर असलेल्या आजोबांपुढे नट-बोल्ट मापानुसार लावायला ठेवा आणि कुठला कशाला लागतो ते विचारा. (आजार पुढे गेला असेल आणि वस्तू तोंडात घालायची सवय असेल, तर लहान वस्तू नकोत.) आजींना चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारा. कालचे जेवण न आठवणारी माणसे हरिपाठ मात्र पुष्कळदा अडखळल्याशिवाय म्हणतात. एक ओळ तुम्ही म्हणा, पुढची त्यांना म्हणू द्या.

वेळ वीस-तीस मिनिटे, शक्यतो सकाळची. चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असू द्या. "मी कोण, ओळखा बरं?" अशी परीक्षा पाहुण्यांसमोर घेऊ नका, उत्तर आले नाही की माणूस खजील होतो आणि हळूहळू बोलणेच टाळतो. चिडले तर तिथेच थांबा.

घरातले सगळे शिफ्टला जात असतील, तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाची किंवा विरंगुळा केंद्राची चौकशी करा. मोबाइलवर एकट्याने खेळण्यापेक्षा चार जणांत पत्ते खेळणे कधीही चांगले. मोबाइल द्यायचाच असेल, तर ज्यात बँकेचे ॲप किंवा यूपीआय नाही असा द्या. खेळातल्या जाहिरातीवर चुकून बोट पडते, आणि विसराळू माणसाकडून ओटीपी काढून घेणे ठगांना सोपे जाते.

तपासणीची सुरुवात फॅमिली डॉक्टरकडे किंवा महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत करता येईल. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही माहिती मिळते. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे न्या, आणि गेल्या तीन महिन्यांत काय-काय विसरले, कुठे रस्ता चुकला, पैशांचा काय गोंधळ झाला ते तारखेसह लिहून न्या.