किल्ला बघा, पण पाण्याला शिवू नका

“राजेरजवाड्यांची चित्रं बघून आपल्या पोरांना काय मिळणार?” औंधची सहल ठरली तेव्हा आमच्याच एका कार्यकर्त्यानं बैठकीत हा प्रश्न टाकला. प्रश्न खोटा नव्हता. औंधचं श्री भवानी संग्रहालय १९३८ साली पंतप्रतिनिधी भवानरावांनी उभं केलं. राजा स्वतः चित्रकार, रामायणावर चित्रमालिका काढणारा. यमाईच्या डोंगरावरच्या त्या दालनांत रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, देवदेवता आहेत. आपण तिथं कुठं आहोत?

तरी आम्ही गेलो. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या आईबापांची मुलं, एक जुनी ट्रॅक्स, डब्यात चपाती-भाजी. जाण्यामागचं कारण इथं सविस्तर मांडतो, कारण त्यावरून आपल्या तरुणांत नेहमी वाद होतो.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात जे अनुभव लिहिले, त्यातले दोन इथं एकत्र ठेवून वाचायला हवेत. पहिला आपल्या अंगणातला. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. गोरेगाव खटाव तालुक्यातलं, आणि औंधही त्याच तालुक्यात. पोरं मसूर स्टेशनात उतरली. मिरजेहून पुण्याकडे जाताना कराड मागं पडलं की लागतं तेच मसूर. आपण कितीदा तिथून खिडकीतून बघत गेलो असू. पोरांचे कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणांची वाटली. तो आपुलकीनं चौकशी करू लागला. ‘आम्ही महार’ एवढं कळताच त्याचा चेहरा बदलला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. पुढं दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर बैलगाडी मिळाली. सोबतच्या डब्यात जेवण होतं, पण पाणी नव्हतं. पोरं रात्रभर उपाशी राहिली.

म्हणजे स्टेशनमास्तर मुळात उद्धट माणूस नव्हता. पाहुणचार त्याला येत होता. तो कुणासाठी राखून ठेवायचा, हे मात्र जात ठरवत होती.

दुसरा अनुभव १९३४ चा. आता बाबासाहेब बॅरिस्टर आहेत, गोलमेज परिषदा करून आलेले आहेत. तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघालेत. वाटेत दौलताबाद. गावात आपली माणसं रस्त्यावर वाट बघत उभी होती; आधी चहा-फराळ घ्या, मग किल्ला बघा, असा त्यांचा आग्रह. चहाची तलफ सगळ्यांनाच होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघायचा होता. परत येताना घेऊ, असं सांगून मंडळी पुढं गेली. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचं छोटं टाकं होतं. धुळीनं माखलेल्यांनी त्यात हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, ‘धेडांनी पाणी बाटवलं.’ गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. हाच तुमचा धर्म शिकवतो का, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तरी त्याला असंच अडवाल का, असं बाबासाहेबांनी विचारलं तेव्हा जमाव थोडा वरमला. शेवटी आत जायची परवानगी मिळाली. अट एकच, किल्ल्यात कुठंही पाण्याला शिवायचं नाही. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

(हल्ली दौलताबादचा किस्सा मुसलमानांविरुद्ध वापरणारे मसूरचं नाव घेत नाहीत. बाबासाहेबांनी दोन्ही एकाच लेखनात ठेवले, हे विसरू नका.)

प्रवेश मिळाला, पण मागं बंदूक आणि पुढं तहान. ज्या दोन माणसांचं काम पाहुण्याला वाट दाखवण्याचं, त्यातला एक तोंड फिरवून गेला आणि दुसरा पहारा देत चालला. संग्रहालयातला पाहुणचार आमच्या लेखी शिष्टाचाराचा विषय नाही, तो इथून सुरू होतो.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला. पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असं तो सांगत होता. त्याच ठरावाच्या बळावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला. यादी बघा, सगळी गरजेची ठिकाणं आहेत. चित्र बघायची जागा त्या यादीत नाही. अस्पृश्याला पाणी लागतं, औषध लागतं, एवढं निदान कायदेमंडळानं मान्य केलं. त्याला चित्रही बघावंसं वाटेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. संविधानाच्या कलम १५(२) नं ते दार उघडलं. दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा, सरकारी पैशावर चालणारे तलाव, रस्ते आणि ‘सार्वजनिक राबत्याच्या जागा’. संग्रहालय या शेवटच्या शब्दांत बसतं. तिथं आपण कुणाच्या मेहेरबानीनं जात नाही.

कलमानं दार उघडतं, शिपायाची नजर तेवढ्यानं बदलत नाही. एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आमच्या मुलांमागं एक पहारेकरी दालन ते दालन चालत राहिला. शेजारच्या इंग्रजी शाळेच्या मुलांमागं कुणी नव्हतं. पाण्याच्या बाटल्या दाराशीच काढून घेतल्या आणि आत नळ कुठं आहे ते कुणी सांगितलं नाही. त्या पहारेकऱ्याला आम्ही दोष देत बसलो नाही. बोलल्यावर कळलं, तो कंत्राटी, बारा तास उभा, बसायला खुर्ची नाही, आणि आपल्याच समाजाचा. ज्याला स्वतःला कुणी माणूस म्हणून वागवत नाही, त्याच्याकडून आपण स्वागताची अपेक्षा करतो. पाहुणचार सुधारायचा तर पगारापासून सुरुवात करावी लागेल, आणि ही मागणी आपल्या निवेदनांत अजून एकदाही आलेली नाही.

औंधला तसं घडलं नाही. एका कर्मचाऱ्यानं मुलांना हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या आई-मुलाच्या शिल्पापाशी थांबवलं आणि विचारलं, “आई कुठंय यात? सांगा बघू.” मग पिण्याचं पाणी कुठं आहे ते दाखवलं. एवढंच. मुलं त्या शिल्पापाशी रामायणाच्या चित्रांपेक्षा जास्त वेळ रेंगाळली.

आणि त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचं काय? आटपाडी याच औंध संस्थानात होती. तिथं १९२१ साली तराळाच्या घरात शंकरराव खरात जन्मले. पुढं ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. राजाच्या चित्रांत तराळ नाही, म्हणून आम्ही सहलीनंतरच्या रविवारी विहारात ‘तराळ-अंतराळ’ वाचायला घेतलं. राजाचं औंध आणि तराळाची आटपाडी, दोन्ही बघितल्याशिवाय त्या संस्थानाचा इतिहास पुरा होत नाही. बघायलाच गेलो नाही तर भिंतीवर काय नाही, हे तरी कसं कळणार?

पुढची सहल वेरूळ आणि दौलताबादची. वर्गणी जमतेय. दौलताबादला पोचल्यावर आधी चहा की आधी किल्ला, यावर मुलांत अजून वाद चालू आहे.