शेवंती म्हणताना

'क्रिसँथेमम' ह्या शब्दापुढे कोशात 'शेवंती' असे लिहिलेले असते, आणि ते चूक नाही. पण भाषांतरविद्येचा तास घेताना आम्हांला वारंवार जाणवते की, ह्या प्रतिशब्दाने फूल मराठीत येते, त्याचा ऋतू मात्र मागे राहतो. साहित्यातला ह्या फुलाचा इतिहास तर बव्हंशी त्याच्या ऋतूचा, म्हणजे त्याच्या उशिरा येण्याचाच इतिहास आहे.

त्या इतिहासाची सुरुवात एका घराच्या कुंपणापाशी होते. इ. स. ४०५ मध्ये चिनी कवी ताओ युआनमिंग ह्याने फंगझे येथील दंडाधिकाऱ्याचे पद अवघ्या ऐंशी-एक दिवसांत सोडले आणि तो गावी परतला. पुढे मद्यपानावरील त्याच्या वीस कवितांच्या मालिकेत घराच्या पूर्वेकडील कुंपणाशी फुललेली शेवंती आली, आणि 'पूर्वेचे कुंपण' एवढे दोन शब्द चिनी काव्यपरंपरेत राजसेवेकडे पाठ फिरवण्याचे चिन्ह होऊन बसले. ह्यामागे निसर्गातली साधी वस्तुस्थिती होती. त्या प्रदेशात शरद सरता सरता इतर फुले संपतात, हिमदव पडू लागतो, आणि नेमकी तेव्हा शेवंती उमलते. जो प्रतिकूल काळात वाकत नाही तो सज्जन, हा अर्थ तिला चिकटला तो असा. अकराव्या शतकात चौ दुन्यी ह्या विचारवंताने कमळावर निबंध लिहिताना शेवंतीला फुलांमधली विरागी ठरवून टाकले.

आम्हांला अधिक लोभस वाटतो तो ह्या परंपरेचा दुसरा, मातीत हात घालणारा पदर. ११०४ मध्ये ल्यू मंग ह्याने केवळ शेवंतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात पस्तीस जातींची वर्णने आहेत. ११८६ मध्ये फान चंगदा ह्या कवीनेही, मोठी राजपदे भूषवून सूचौला परतल्यावर, आपल्या बागेतील शेवंतींची नोंद करून ठेवली. विरक्तीचे प्रतीक असलेल्या फुलाच्या जाती मोजत बसण्यात थोडी आसक्ती आहे खरी. पण शेवंती हे झाडच तसे आहे. बहर ओसरला की खोड वाळते, बुंधा मात्र जिवंत राहतो. त्याच्याभोवती आलेले फुटवे वेगळे करून लावावे लागतात, वाढीच्या काळात शेंडे खुडावे लागतात. तेव्हा कुठे झाड भरगच्च होते. वर्षभर राबल्यावर काही आठवड्यांचे फूल. वैराग्य पत्करलेल्या माणसालाही इतका वेळ द्यावा लागतोच.

जपानमध्ये हे कुंपणाचे फूल थेट राजचिन्ह झाले. राजपद सोडणाऱ्याचे फूल सम्राटाच्या मुद्रेवर जावे, ह्यातला विरोधाभास बोलका आहे. पण आपला विषय घरच्या बागेचा, म्हणून तिकडे वळत नाही.

युरोपात मोठ्या फुलांची चिनी शेवंती रुजली ती १७८९ मध्ये. पिएर ब्लांकार ह्या व्यापाऱ्याने मार्सेयला आणलेल्या तीन जातींपैकी एकच जगली. पुढे १८४६ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून ह्याने चीनहून लहान फुलांची शेवंती इंग्लंडला नेली. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमध्ये श्रमिकांच्या परसातही पोचली. फ्रान्समध्ये मात्र तिला वेगळेच नशीब लाभले. १ नोव्हेंबरच्या संतस्मरणाच्या सुमारास लोक आप्तांच्या थडग्यांवर फुले ठेवतात, आणि त्या दिवसांत बागेत भरभरून असते ती शेवंतीच. हे फूल तिथे मृतांचे झाले.

डी. एच. लॉरेन्सची 'ओडर ऑफ क्रिसँथेमम्स' ही १९११ साली प्रसिद्ध झालेली कथा वाचताना हे सारे मनात असावे लागते. नॉटिंगहॅमशरमधील खाणकामगाराची बायको एलिझाबेथ नवऱ्याची वाट पाहत आहे. वाटेकडेची शेवंती मुलगा ओरबाडतो. ती त्यातला एक तुरा एप्रनच्या पट्ट्यात खोचते. मुलीला त्याचे अप्रूप वाटते. आईला मात्र आठवते की, लग्नात शेवंती होती, मुलीच्या जन्माच्या वेळी होती, आणि नवऱ्याला पहिल्यांदा झिंगलेल्या अवस्थेत घरी आणले तेव्हा त्याच्या कोटावरही होती. रात्री खाणीतून त्याचे प्रेत येते, आणि ते आत आणताना फुलदाणी फुटते. इथे शेवंती सजावटीला नाही. संसाराचे सगळे दिवस तिच्यावरून मोजले आहेत. स्टाइनबेकच्या 'द क्रिसँथेमम्स' (१९३७) मधली एलिसा तर डिसेंबरात जुनी खोडे छाटतानाच आपल्याला भेटते, आणि तिने जिवापाड जपून दिलेली रोपे पुढे रस्त्यावर फेकलेली दिसतात.

कवींनी ज्याला धैर्य म्हटले त्याचे कारण १९२० मध्ये गार्नर आणि अलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधामुळे उलगडू लागले. दिवस-रात्रीच्या लांबीवर काही झाडांचे फुलणे अवलंबून असते, हे त्यांनी तंबाखू व सोयाबीनवर दाखवले. शेवंती त्याच जातकुळीतली. रात्र पुरेशी मोठी झाल्याखेरीज ती कळी धरत नाही. म्हणूनच आज पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून तिचा बहर हवा तेवढा पुढे ढकलता येतो. थंडीशी झुंज वगैरे काही नाही. झाड अंधार मोजते आहे. ताओच्या कवितेचे ह्याने काही बिघडते असे आम्हांला वाटत नाही. त्याने फूल पाहिले होते, कारण सांगितले नव्हते.

आता आपल्याकडे या. घड्याळ तेच आहे. इथेही दिवस आखडू लागले की, दसरा-दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत बाजार शेवंतीने भरतो. पण नॉटिंगहॅमशरमध्ये दिवस उन्हाळ्यातल्या सुमारे १७ तासांवरून हिवाळ्यात साडेसातांवर येतो, तर पुण्यात तो साधारण १३ तासांवरून ११ वर. तिथे शेवंती उरलेल्या बागेवर एकटी उभी असते. इथे तिच्या शेजारी झेंडू आहे, जास्वंद आहे, अबोली आहे. ती शेवटची नाही, म्हणून एकाकीही नाही. ती वेणीत जाते, मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेत जाते. आपल्या वाचकाला तिचा वास देवघराचा वाटतो.

म्हणून लॉरेन्सच्या शीर्षकाचे 'शेवंतीचा गंध' असे भाषांतर केले की शब्द अचूक आणि अर्थ उलटा, अशी अवस्था होते. 'क्रिसँथेमम' तसाच ठेवला तर फूल परके होते, आणि एलिझाबेथच्या दारातली ओळखीची वस्तू हरवते. आमचा कौल तरीही शेवंतीलाच आहे. फक्त पहिल्याच परिच्छेदात बागेतले बाकी सगळे उजाड झाले आहे, हे भाषांतरकाराने थोडे ठळक होऊ द्यावे. मूळ कथेत ती उतरती शरदातली संध्याकाळ आहेच. उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण: हिंदीत 'सेवती' म्हणजे पांढरा गुलाब. तेव्हा जुन्या पोथीत 'सेवती' भेटली, तर टीपेत शेवंती लिहिण्यापूर्वी त्या झाडाला काटे सांगितले आहेत का, तेवढे पाहून घ्यावे.