बीजगणिताचा सामाईक वारसा

दहावीत वर्गसमीकरण सुरू झाले की यवतमाळ जिल्ह्यातील आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक ‘अजजाए जरबी’ शिकवतो. पुसद, दिग्रस, दारव्ह्याच्या मराठी शाळांत त्यालाच ‘अवयव’ म्हणतात. शब्द दोन, रीत एकच. तरीही एका सभेत ‘अलजेब्रा आमचा’ असे ऐकू येते आणि दुसऱ्या मांडवात ‘बीजगणित आमचे’. इतिहास मात्र कोणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही.

मोहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी इ.स. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये ‘जब्र’ आणि ‘मुकाबला’ यांवर ग्रंथ लिहिला. अलजेब्रा हे नाव त्यातूनच आले. एका संख्येच्या वर्गात २१ मिळवले तर त्या संख्येची दहापट होते, हे त्यांचे एक उदाहरण. उत्तरे ३ आणि ७. दोन्ही त्यांनी दिली. उत्तर केव्हा मिळणारच नाही, हेही सांगितले. त्यांनीच हिंदुस्थानी अंकांवरही पुस्तक लिहिले. आपले शून्य अरबीत ‘सिफर’ झाले आणि पुढे युरोपात ‘झीरो’.

भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ इ.स. ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या घराण्याची हकीकत चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात आहे. त्यांचे माकडांचे एक उदाहरण असे: कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग, इतकी माकडे गुहेत गेली, बाहेर १ दिसते. कळप केवढा?

आजच्या रीतीने समीकरण होते:
क्ष² − ५५क्ष + २५० = ०
(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

गुणाकार शून्य म्हणजे दोहोंपैकी एक अवयव शून्य. म्हणून क्ष ५० किंवा ५. पण कळप ५ चा धरला तर पाचवा हिस्सा १ आणि त्यातून ३ गेले की उणे २ उरतात. उणे माकडे लोकांना पटणार नाहीत, म्हणून भास्कराचार्यांनी ५ सोडून ५० घेतले. भास्कराचार्य आणि ख्वारिज्मी दोघेही वर्ग पूर्ण करून उत्तर काढत. अवयव शून्याशी मांडण्याची रीत त्यानंतरची. इंग्लंडच्या थॉमस हॅरियट यांच्या, १६३१ मध्ये छापलेल्या ग्रंथात ती दिसते.

याच सुमारास, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदी यांनी भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ फारसीत आणले आणि शाहजहानला अर्पण केले. ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे त्यांचे वडील. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्याच्या दारावर शिल्पकार म्हणून अताउल्ला यांचे आणि अभियंता म्हणून हंसपतराय यांचे नाव कोरलेले आहे. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची यांनी ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर केले, ते फारसीवरून. पाटणच्या पंडिताचे गणित इंग्रजांच्या हाती प्रथम पोहोचले ते एका मुसलमान भाषांतरकारामुळे.

आमची मुले दहावीनंतर विज्ञान शाखेकडे जायला कचरतात. अकरावीत पुस्तक इंग्रजीत येते आणि गणित परके वाटू लागते. अशा वेळी पूर्वजांचा नुसता अभिमान उपयोगी पडत नाही. अताउल्लांनी परकी भाषा समजून घेतली, अवघड पुस्तक संपवले आणि ते पुढच्या माणसाच्या हाती दिले. आमच्या मुलामुलींना सांगण्यासारखे आहे ते हेच. आणि आलेले प्रत्येक उत्तर मूळ उदाहरणात ठेवून पडताळायचे, हा भास्कराचार्यांचा धडा सभांतल्या दाव्यांनाही लागू आहे.