‘ध’चा ‘मा’, मॅकबेथ आणि दुगाडचं धुकं

‘शोकांतिकेतील महत्त्वाकांक्षा, अपराध आणि ऱ्हास’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलात, की पहिलं उदाहरण मॅकबेथचं सुचतं. हाच विषय महाराष्ट्रात शोधायला गेलात, तर फार वेळ न लागता तुम्ही शनिवारवाड्यात पोचता. गादीची हाव असलेला काका, पुतण्याचा खून, काकाला चिथावणारी बायको आणि शेवटी हाती काहीच न लागणं. सगळं इतकं छान जुळतं की ‘तौलनिक अभ्यास’ हे शब्द आपोआप लिहिले जातात.

आज या जुळण्याबद्दलच बोलू या. संशोधनात एखादी गोष्ट फारच नीट बसते, तिथे जरा थांबायचं असतं. त्यासाठी आपण पुण्यात सुरुवात करून भिवंडी तालुक्यात पोचणार आहोत.

आधी घटना काय आहे?

रघुनाथराव म्हणजे पहिल्या बाजीरावाचा मुलगा. १७५८मध्ये त्याच्या फौजा लाहोरच्या पलीकडे गेल्या, म्हणून ‘राघोभरारी’ हे नाव. पेशवाई मात्र पुतण्याकडे, थोरल्या माधवरावाकडे गेली. दोघांचं पटलं नाही. १७६८मध्ये धोडपला माधवरावाने काकाला हरवलं आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. १८ नोव्हेंबर १७७२ला माधवराव थेऊरला वारला. त्याचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला आणि ३० ऑगस्ट १७७३ला गारद्यांनी वाड्यातच त्याचा खून केला. वय जेमतेम अठरा.

रघुनाथरावाने पेशवेपद घेतलं, पण ते टिकलं नाही. कारभाऱ्यांनी बारभाईचं कारस्थान उभं केलं. नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर मुलगा झाला आणि तोच सवाई माधवराव म्हणून पेशवा ठरला. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेला. पुढची काही वर्षं लढाया आणि तह. शेवटी सालबाईच्या तहानंतर पेन्शन घेऊन तो कोपरगावला राहिला आणि डिसेंबर १७८३मध्ये वारला.

अपराध वेगळा, अपराधबोध वेगळा

इंग्रजीतला ‘गिल्ट’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो: कोर्टाने ठरवलेला दोष आणि मनाला लागलेली टोचणी. मराठीत आपल्याकडे दोष, अपराध, पाप, पश्चात्ताप असे वेगवेगळे शब्द आहेत. ते वेगळेच ठेवा, कारण प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो.

रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाची चौकशी केली आणि रघुनाथरावाला दोषी धरलं. परंपरा सांगते की त्यांनी ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगितलं आणि पद सोडून ते वाईजवळ जाऊन राहिले. इथे ‘प्रायश्चित्त’ या शब्दाकडे नीट बघा. धर्मशास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त या दोन वेगळ्या गोष्टी. दंड राजा देतो. प्रायश्चित्त मात्र पाप करणाऱ्याने स्वतः पत्करायचं असतं. इथे तर आरोपी स्वतःच राज्य चालवत होता, त्याला दंड कोण देणार? मग शास्त्र्यांच्या हाती उरलं ते पाप सांगणं. ते पत्करणं किंवा न पत्करणं रघुनाथरावाच्या हाती, आणि त्याने ते पत्करलं नाही.

मॅकबेथमध्ये खुनानंतर झोप उडते, हाताचे डाग जात नाहीत. नाटककाराला पात्राच्या मनात शिरायची मुभा असते, आपल्याला नसते. रघुनाथरावाला रात्री झोप लागत होती की नाही, हे तहनामा सांगत नाही. म्हणून ‘रघुनाथरावाचा अपराधबोध’ असं प्रकरणाचं नाव ठेवण्याआधी स्वतःला विचारा, हा बोध मला कागदात दिसला की नाटकातून मी सोबत आणला?

दोष आनंदीबाईकडे कसा सरकला?

आता प्रसिद्ध ‘ध’चा ‘मा’. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ असं होतं, आनंदीबाईने त्याचं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ असते. तो मूळ कागद मात्र इतिहासकारांच्या हाती आलेला नाही. तरी भाषेत वाक्प्रचार रुजला आणि एका बाईचं नाव कायमचं डागाळलं.

‘हा शेक्सपिअरचा प्रभाव’ असं लिहायचा मोह होईल. थांबा, आधी तारखा लावा. ग्रँट डफच्या इतिहासात ही हकिकत आहे, आणि तो छापला गेला १८२६मध्ये. मॅकबेथची मराठी रूपं, म्हणजे शि. म. परांजप्यांचं ‘मानाजीराव’ किंवा शिरवाडकरांचं १९५४चं ‘राजमुकुट’, कित्येक दशकं नंतरची. मराठी नाटकातून ही गोष्ट आली, असं म्हणताच येत नाही.

इथे तुलना वेगळ्याच अंगाने उपयोगी पडते. खऱ्या मॅकबेथने १०४०मध्ये डंकनला मारलं ते लढाईत, घरी पाहुणा आलेला असताना नव्हे. पुढे त्याने सतरा वर्षं राज्य केलं. त्याच्या बायकोचं नाव ग्रुओख. एका धर्मस्थळाला दिलेल्या दानात नवऱ्याबरोबर तिचं नाव येतं. तिने नवऱ्याला चिथावलं, असं तो दानलेख म्हणत नाही. म्हणजे दोन्हीकडे एकच गोष्ट घडली: पुरुषाच्या महत्त्वाकांक्षेला कारण हवं होतं, ते बायकोत सापडलं, आणि कागद गप्प असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. तुलना करायचीच असेल तर या सरकण्याची करा. पात्रं जुळवत बसू नका.

आता दुगाडला चला

शोकांतिकेत ऱ्हास होतो तो नायकाचा. पडदा पडतो आणि प्रेक्षक उठतात. इतिहासात ऱ्हास वाड्याबाहेर पसरतो. इथे भिवंडी येते.

६ मार्च १७७५च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने लष्करी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. ही वसई १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकली होती चिमाजी अप्पाने, म्हणजे रघुनाथरावाच्या सख्ख्या काकाने. भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या देवळाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: वसई मिळाली तर देऊळ बांधीन, हा चिमाजी अप्पाचा नवस. किल्ल्यासारख्या तटाचं ते देऊळ आजही उभं आहे.

१७८०च्या अखेरीस जनरल गॉडार्डने वसईला वेढा घातला. मराठ्यांची मदत वसईपर्यंत पोचू नये म्हणून कर्नल हार्टली फौज घेऊन वाट अडवून होता. रामचंद्र गणेश कानडे हा मराठा सरदार त्याच्यावर चालून गेला. वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला लढाई झाली. १२ डिसेंबरला दाट धुक्याच्या आडून रामचंद्र गणेशने बगलेवर हल्ला केला. धुकं अचानक विरलं, तो उघडा पडला आणि मारला गेला. वसई आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, इंग्रजांच्या हाती गेली होती. ज्या किल्ल्यासाठी तो लढत होता, तो त्याच्या मरणाआधीच पडला होता.

१७८२च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. रघुनाथरावाला पेन्शन मिळाली. दुगाडला पडलेल्या शिपायांचं काय, हे तहाच्या कलमांत नाही. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना माहीत असतं. आज दुगाड फाट्यावरून जाणाऱ्या किती जणांना रामचंद्र गणेश माहीत असेल?

तुमच्या सिनॉप्सिससाठी

एक, विषयातले तीन शब्द तीन प्रश्नांत फोडा. महत्त्वाकांक्षेचा पुरावा पत्रांत आणि तहांत मिळेल. दोषाचा पुरावा चौकशीत मिळेल. टोचणीचा पुरावा बहुधा फक्त साहित्यात मिळेल, आणि तसं स्पष्ट लिहायला लाजू नका.

दोन, ‘प्रभाव’ हा शब्द वापरण्याआधी तारखांचा तक्ता करा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण व्हायव्हाला तेच वाचवतं.

तीन, ऱ्हास कुणाचा, हे विचारा. नायकाचा असेल तर तुमचं क्षेत्र साहित्य. मुलखाचा असेल तर शनिवारवाड्याचा नकाशा पुरणार नाही, वसई ते वज्रेश्वरीचा टापूही टेबलावर पसरावा लागेल.

गाइड विचारतील, ‘यात नवीन काय?’ तेव्हा राघोबा हा मराठी मॅकबेथ आहे, असं सांगू नका. ते ऐकून ते कंटाळले असतील. शोकांतिका कुणाला दोषी ठरवते आणि कुणाचं मरण मोजतच नाही, हे मी तपासतोय किंवा तपासतेय, असं सांगा. मग पुढचा प्रश्न ते स्वतःहून विचारतील.