तास

स्वीडनमधल्या मोरा गावच्या शेतकरी कुटुंबांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत घडवलेली उभी घड्याळं मोठी देखणी असतात. माणसाएवढी उंच, पाइनच्या लाकडाची, मधे फुगीर, फिक्या निळ्या-करड्या रंगात रंगवलेली. त्यातला लंबक सेकंद मोजतो आणि घंटा तास देते. या ‘तास देते’मध्ये आपल्या भाषेचा मोठा इतिहास दडला आहे.

फारसीत ‘तास’ म्हणजे धातूचं भांडं, वाटी. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. मग टोला द्यायचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने दिल्लीत असं यंत्र बसवलं, त्याचं नावच ‘तास-घडियाल’. टोला ज्या धातूच्या थाळीवर पडे तिलाही मराठीत तास म्हणत. पुढे थाळी गेली आणि नाव साठ मिनिटांना चिकटलं. हिंदीतल्या ‘घंटा’चं नेमकं असंच झालं.

अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, 1490 मध्ये सुरू झालेली निजामशाही पुढे नांदली. तिच्या दरबारात फारसी चाले, हिशेबात मराठी. अशा शेजारातूनच असे शब्द आपल्या घरात आले. मला विशेष आवडतं ते हे, की आपण अजूनही ‘किती वाजले’ असंच विचारतो आणि मनगटावरच्या मुक्या घड्याळाकडे बघतो. ‘घटका भरली’ म्हणताना तर ती बुडती वाटीच बोलते. ‘घड्याळ’ शब्दही त्याच घटिकेचा.