भिंत, खिडकी आणि रोगी

पस्तीस वर्षें मीं मुलांना इतिहास शिकविला. राजांच्या सनावळ्या, लढायांचे नकाशे आणि किल्ल्यांचे बुरूज ह्यांतच तो सारा काळ गेला. इमारतीलाहि इतिहास असतो, असें मी वर्गांत नेहमीं सांगत असें. परंतु त्याचा खरा अर्थ मला कळला तो सेवानिवृत्तीनंतर, एका रुग्णालयाच्या बांकावर बसून.

सहा वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस कर्करोग झाला. किरणोपचारासाठीं पांच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, आम्हांला एका रुग्णालयांत जावें लागे. त्याचें नांव सांगण्याचें कांहीं प्रयोजन नाहीं. तेथील डॉक्टर कुशल होते, परिचारिका मायाळू होत्या. पण उपचाराची जागा तळघरांत होती. खालीं उतरलें कीं वर ऊन आहे कीं पाऊस, कांहीं कळत नसे. बांकांची रांग भिंतीकडे तोंड करून मांडलेली; भिंतीवर पैसे कोठें भरावेत ह्याची पाटी. ती पाटी आम्हीं पंचवीस दिवस वाचली. एके दिवशीं पत्नी हळूच म्हणाली, "अहो, किरणांचें मला भय वाटत नाहीं; ह्या भिंतीचें वाटतें."

तें वाक्य माझ्या मनांत रुतून बसलें. ती भिंत तेथें आली कशी, हा इतिहासाचा प्रश्न होता, आणि मास्तरकी केलेल्या माणसाला प्रश्न सोडून देतां येत नाहीं. त्याचें जें उत्तर मला सांपडलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

इ. स. १८९५ सालीं जर्मनींत राँटगेन ह्यानें क्ष-किरण शोधून काढले आणि १८९८ सालीं पॅरिसमध्यें क्युरी दांपत्यानें रेडियम शोधलें. हे किरण रोगाच्या गांठीचा नाश करतात. पण जपून न वापरल्यास तेच किरण निरोगी माणसालाहि बाधतात. म्हणून यंत्रें जसजशीं बलवान झालीं, तसतशा त्यांच्या भोंवतालच्या भिंती जाड होत गेल्या. आजच्या लिनियर अॅक्सिलरेटर नांवाच्या यंत्राच्या खोलीस कांहीं बाजूंनीं काँक्रीटची सुमारें दोन मीटर जाडीची भिंत घालावी लागते. खोलीची वाटहि पुष्कळदां वळणाची ठेवितात. आमच्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजांतून शत्रूला जशी सरळ धांव घेतां येत नाहीं, तसें ह्या वाटेनें किरणांना सरळ बाहेर येतां येत नाहीं.

एवढें प्रचंड वजन पेलावयास जमीन बरी, आणि भोंवतालची माती आयतीच भिंतीचें काम करते. म्हणून ह्या खोल्या बहुधा तळघरांत गेल्या. ह्यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. यंत्राची सोय पाहिली गेली. त्या यंत्राखालीं निजणाऱ्या माणसाची पाहावयाची राहून गेली, इतकेंच. इतिहासांतील पुष्कळ दुःखें अशींच सोयींतून जन्मास आलीं आहेत.

वास्तु रोग्याच्या डोळ्यांनीं पाहावी, हा विचार मात्र अगदींच नवा नव्हे. तो क्षयरोगाच्या रुग्णालयांत पूर्वींच दिसून येतो. क्षयावर त्या काळीं हुकमी औषध नव्हतें. ऊन, वारा आणि विश्रांति हाच उपचार, आणि तो बहुतांशीं इमारतीनेंच द्यावयाचा होता. फिनलंडांतील पाइमिओ येथील आरोग्यधाम १९३३ सालीं पुरें झालें. तें आल्वार आल्तो ह्या स्थापत्यविशारदानें रचलें. नेहमींची खोली उभ्या माणसासाठीं बांधलेली असते, रोगी मात्र आडवा असतो, ह्या साध्या गोष्टीपासून त्यानें आरंभ केला. पडलेल्या माणसाची दृष्टि छताकडे लागलेली असते, म्हणून छताला डोळे निववील असा गडद हिरवट रंग. दिवा अशा जागीं कीं त्याचा झोत डोळ्यांवर येऊं नये. आणि शेजाऱ्याची झोंप मोडूं नये म्हणून, पाणी आवाज न करतां पडेल असें हात धुण्याचें भांडें. आल्तोनें जणूं खाटेवर निजूनच नकाशा काढला.

कर्करोगाच्या वाट्याला हा विचार यावयास मात्र आणखी साठ वर्षें लागलीं, आणि तो एका रोगी बाईंनींच आणिला. त्यांचें नांव मॅगी केसविक जेंक्स. त्या स्कॉटलंडांत राहणाऱ्या लेखिका. चिनी बागांवर त्यांनीं ग्रंथ लिहिला होता, आणि त्यांचे पति चार्ल्स जेंक्स हे वास्तुकलेचे नामांकित टीकाकार होते. १९९३ सालच्या मे महिन्यांत, पूर्वीं बरा झालेला कर्करोग पुन्हां उद्भवला असल्याचें त्यांना सांगण्यांत आलें. किती दिवस उरले, असें विचारतां उत्तर मिळालें: दोन-तीन महिने. आणि लगेच त्यांना बाहेरच्या बिनखिडकीच्या बोळांत जाऊन बसावें लागलें. कारण पुढचे रोगी ताटकळत होते. आपला मृत्यु कळल्यावर मनुष्याला घडीभर बसावयास जागा नसावी, हें त्या बाईंच्या जिव्हारीं लागलें.

नव्या औषधोपचारानें त्या १९९५ च्या जुलैपर्यंत जगल्या. हा काळ त्यांनीं एका घराच्या योजनेंत घालविला. लॉरा ली ही त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका ह्या कामांत त्यांची सहकारिणी झाली. एडिंबरोच्या वेस्टर्न जनरल रुग्णालयाच्या आवारांत घोड्यांची एक जुनी पागा होती. रिचर्ड मर्फी ह्या स्थापत्यविशारदानें तिचें रूपांतर केलें, आणि १९९६ च्या नोव्हेंबरांत तें घर उघडलें. तें पाहावयास मॅगीबाई राहिल्या नव्हत्या.

ह्या घरांत औषध दिलें जात नाहीं. तें शेजारच्या रुग्णालयाचें काम. येथें चिठ्ठी मागणारी खिडकी नाहीं, फी नाहीं. मध्यभागीं स्वयंपाकघर आणि एक मोठें टेबल. आलेल्यानें आपला चहा आपण करून घ्यावा, वाटलें तर बोलावें, न वाटलें तर नुसतें बसावें. मॅगीबाईंची एक सूचना मला फार मार्मिक वाटते. स्वच्छतागृहाला फटी असलेल्या फळ्यांचें दार नको, चौकटींत नीट बसणारें दार हवें. आंत तोंड धुवावयास पाणी आणि आरसा हवा. कां? तर तेथें मनुष्याला मनसोक्त रडतां यावें, आणि मग चेहरा ठीक करून जगासमोर येतां यावें. अशी सूचना नुसत्या अभ्यासानें सुचत नाहीं. ती भोगलेल्यालाच सुचते.

पुढें अशीं घरें वाढत गेलीं. डंडी येथें २००३ सालीं फ्रँक गेरी ह्यानें, कर्कॉल्डी येथें २००६ सालीं झाहा हदीद ह्या बाईंनीं तीं रचलीं. २०१३ सालीं हाँगकाँगमध्येंहि गेरीनेंच रचलेलें एक घर उघडलें.

येथें कोणी व्यवहारी गृहस्थ विचारील, "मास्तर, रोग्याला औषध हवें कीं बाग?" प्रश्न रास्त आहे. १९८४ सालीं रॉजर उलरिख ह्या अमेरिकन संशोधकानें पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, निम्म्यांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे रोगी थोडे लवकर घरीं गेले, आणि त्यांना वेदनाशामक जालीम औषधें कमी लागलीं. रोगी थोडे होते, आणि रोगहि कर्करोग नव्हता; तेव्हां ह्यावरून फार मोठें अनुमान काढूं नये. खिडकी गांठ विरघळवीत नाहीं. पण औषधाचा जुलूम सोसावयाचा असतो तो माणसाला, आणि सोसण्याचें बळ कोठून तरी यावेंच लागतें.

आतां पुन्हां त्या तळघराकडे वळूं. मॅगीबाईंचें घर रुग्णालयाच्या बाहेर होतें. यंत्राची खोली होती तशीच राहिली होती. तिचा विचार लंडनच्या गाइज रुग्णालयानें केला. थॉमस गाय नांवाच्या एका पुस्तकविक्रेत्यानें १७२१ सालीं स्थापिलेली ही संस्था. तिनें २०१६ सालीं कर्करोगासाठीं चौदा मजल्यांची नवी इमारत उघडली. आराखडा रिचर्ड रॉजर्स ह्याच्या संस्थेचा. आराखडा आखतांना रोग्यांचें म्हणणें ऐकून घेण्यांत आलें. एवढ्या मोठ्या वास्तूंत मनुष्य हरवूं नये म्हणून तिचे तीन-चार विभाग करून एकावर एक रचले, आणि त्यांना खेडीं असें नांव दिलें: स्वागताचें एक, किरणोपचाराचें एक, औषधोपचाराचें एक. प्रत्येक खेड्याला वाड्याच्या चौकासारखी उजेडाची मोकळी जागा आहे. आणि विशेष हें कीं, किरणोपचाराचीं यंत्रें तळघरांत न ठेवितां जमिनीच्या वरच्या मजल्यावर नेलीं.

शास्त्राचा नियम ह्यांत कोठेंहि मोडला नाहीं. किरण तेच, भिंती तितक्याच भक्कम. फक्त ते सारें वजन वर उचलण्याचा खर्च आणि खटाटोप पत्करला गेला. कां, तर रोग्याला खालीं उतरावें लागूं नये.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे, हें मी जाणतों. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी गेले. त्या दुःखाच्या स्मरणार्थ परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथें साऱ्या देशांतून रोगी येतात. दूरगांवाहून आलेल्या माणसाची पहिली चिंता खिडकीची नसते, डोक्यावरील छपराची असते. आणि ती चिंता दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनें कित्येकांची वाहिली आहे. माझ्या मतें ती धर्मशाळाहि उपचाराच्या वास्तूचाच एक भाग होय. एडिंबरोच्या पागेंत आणि दादरच्या धर्मशाळेंत दगडविटांचें साम्य नसेल, पण दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे: उपचार संपल्यावर ह्या माणसानें जावें कोठें?

आपणांपैकीं कोणी एखाद्या रुग्णालयाच्या समितीवर असतील, तर त्यांना माझी एक विनंती आहे. नवी इमारत बांधण्यापूर्वीं जुन्या इमारतींत रोग्याच्या बांकावर अर्धा तास बसावें, आणि समोर काय दिसतें तें पाहावें. ह्याला पैसा लागत नाहीं.

आमच्या शेवटच्या आठवड्यांत आम्हीं एक युक्ति केली. तळघराच्या जिन्याच्या वळणावर एक लहान खिडकी होती. तींतून पिंपळाचा शेंडा दिसे. मीं शिपायाची विनवणी केली, आणि आमचा नंबर आला कीं तो खालून हांक मारूं लागला. ते पांच दिवस पत्नी त्या पायरीवर बसून पिंपळाकडे पाहत असे. पुढच्या वर्षीं ती गेली. त्या खिडकीनें तिला वांचवावयास हवें होतें, असें मी म्हणत नाहीं. पण ते पांच दिवस तिनें भिंतीचें नांव काढलें नाहीं.

खिडकी त्या इमारतींत पहिल्यापासून होती. बांक तेवढा तेथें नव्हता.