लहरींचा परवाना आणि वेगाचा जाब

मोबाइलवर इंटरनेटचा वेग किती मिळायला हवा, असे ग्राहकाने विचारले की त्याला बहुतेक वेळा तांत्रिक उत्तर मिळते. टॉवर लांब आहे, एका टॉवरवर माणसे फार झाली आहेत, घराच्या भिंती जाड आहेत. यातले काहीच खोटे नसते. तरीही रिचार्जच्या पैशांत रोज किती जीबी डेटा मिळेल आणि तो किती दिवस चालेल हे चोख सांगणारी कंपनी वेगाचा किमान आकडा सांगायला का तयार नसते, याचा उलगडा टॉवरकडे पाहून होत नाही. त्यासाठी आपल्याकडचा बिनतारी परवान्याचा इतिहास उघडावा लागतो. सरकारने हवेतल्या लहरींवर हक्क सांगितला तेव्हापासून परवान्याच्या व्यवस्थेने यंत्र हाती धरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारले. तू कोण, यंत्र कुठून आणलेस, पैसे भरलेस का? त्या माणसाने सेवा देणाऱ्याला काय विचारावे आणि कुठे विचारावे, याची तजवीज फार उशिरा झाली, आणि अजूनही ती अपुरी आहे.

या व्यवस्थेची मुळे १८८५च्या भारतीय तार कायद्यात आहेत. तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार एकट्या सरकारचा, इतरांना तो परवान्यानेच मिळेल, असे त्याच्या चौथ्या कलमात होते. रेडिओ आला तेव्हा हाच कायदा त्यालाही लागू झाला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. ही खासगी कंपनी, आणि तिचा खर्च श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून निघायचा होता. वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला आणि उरलेले सरकारला. पण रेडिओ महाग आणि परवाना चुकवणारे अनेक, त्यामुळे १९३०पर्यंत परवान्यांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही. कंपनी मार्च १९३० मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि महिनाभरात सरकारने केंद्रे आपल्या ताब्यात घेतली. या अपयशातून धडा घेतला गेला तो वसुलीचा. जुन्या कायद्यानुसार यंत्र वापरल्याचे सिद्ध करावे लागे, आणि घरात बसून ऐकणाऱ्याला पकडणार कसे? म्हणून १९३३चा भारतीय बिनतारी तार कायदा आला आणि परवान्याविना यंत्र नुसते जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला.

या टप्प्यावर एक आक्षेप रास्त आहे. श्रोत्यांचे शुल्क म्हणजे काही खंडणी नव्हती, त्यातूनच कार्यक्रम उभे राहत होते. ब्रिटनमध्येही बीबीसी अशाच शुल्कावर चालत आली आहे. हे मान्य करायलाच हवे. पण पैसे देणाऱ्याला त्या पैशाबद्दल विचारण्याची जागा आहे की नाही, हा मुद्दा त्याहून वेगळा आहे. १९३३चा कायदा श्रोत्याचे कर्तव्य बारकाईने सांगतो. प्रक्षेपण किती अंतरावर स्वच्छ पोहोचले पाहिजे, केंद्र बंद पडले तर शुल्काचे काय, याबद्दल तो काही बोलत नाही. मुंबई केंद्राच्या मध्यम लहरी शहराबाहेर दूरवर नीट पोहोचत नसत, तरी दूर कुठेतरी खरखर ऐकणाऱ्या श्रोत्याला शुल्क तेवढेच पडे. शिवाय केवळ ऐकणारा संच सहसा कोणाच्या प्रक्षेपणात अडथळा आणत नाही, त्यामुळे लहरींची शिस्त राखण्याचे कारणही त्याला लागू होत नव्हते. स्वातंत्र्यानंतरही हा परवाना चालू राहिला. लोक पोस्टात जाऊन पुस्तिकेवर शुल्काची नोंद करून घेत, आणि तपासनीस आला तर ती दाखवत. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि दूरदर्शन संचांवरचे हे परवाने रद्द झाले. त्या साऱ्या वर्षांत श्रोता कायद्याच्या नजरेत परवानाधारक होता. तो ग्राहक कधी झाला नाही.

प्रक्षेपण करणाऱ्याची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. हौशी रेडिओ चालकाला, म्हणजे ‘हॅम’ला, परवाना मिळवण्यासाठी परीक्षा द्यावी लागे आणि आजही लागते. त्यात रेडिओचे तंत्र आहे, नियम आहेत, आणि दीर्घकाळ मोर्स संकेतलिपीची चाचणीही होती. १९७८च्या नियमांनुसार खालच्या श्रेणीला मिनिटाला ५ शब्द आणि वरच्या श्रेणीला १२ शब्द या वेगाने मोर्स पाठवता आणि घेता यायला हवे होते. पुढे आंतरराष्ट्रीय पातळीवर २००३ मध्ये मोर्सची सक्ती उठली आणि आपल्याकडेही त्यात सवलत आली. ही परीक्षा मला योग्यच वाटते. चुकीच्या कंप्रतेवर बोललेला माणूस विमानाच्या किंवा जहाजाच्या संदेशात अडथळा आणू शकतो, आणि प्रशिक्षित हॅम किती कामाचा असतो हे डिसेंबर २००४च्या त्सुनामीने दाखवले. त्या वेळी हौशी चालकांचा एक गट अंदमानात होता, आणि दूरध्वनी बंद पडले असताना बेटांवरचे निरोप त्यांनी मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. माझे म्हणणे इतकेच, की वेग मोजणे आणि त्याला किमान मर्यादा घालणे आपल्या परवाना व्यवस्थेला नवे नव्हते. छंद म्हणून यंत्र चालवणाऱ्या, कोणाकडून एक पैसाही न घेणाऱ्या माणसाकडून तिने मिनिटाला किती शब्द हे काटेकोरपणे मोजून घेतले.

परवान्यामागची दुसरी प्रेरणा राज्यकर्त्यांच्या धास्तीची होती, आणि तिचा सर्वांत ठळक पुरावा मुंबईतच मिळतो. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी चालकांचे परवाने रद्द झाले आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम निघाले. तीन वर्षांनी, ‘चले जाव’चा ठराव होऊन नेते तुरुंगात गेल्यावर, २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवरून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर ही मंडळी मुंबईत जागा बदलत तो चालवत होती. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. परक्या सरकारला या लहरींची भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारताने मात्र १८८५ आणि १९३३चे दोन्ही कायदे जवळपास तसेच ठेवले. बिनतारी नियोजनासाठी १९५२ मध्ये वेगळी शाखा आली, परवाने नव्या शिक्क्याने निघू लागले, पण परवाना म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी ही मूळ समजूत कायम राहिली.

१९९५ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाच्या वादात ९ फेब्रुवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे. त्याच वर्षी ३१ जुलैला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन लावला. आता परवाना कंपनीकडे गेला. ग्राहकाच्या हातातल्या यंत्रावर वार्षिक शुल्क राहिले नाही, पण परवान्याचा मजकूर पुन्हा सरकार आणि परवानाधारक या दोघांपुरताच राहिला. त्यातल्या अटी प्रामुख्याने शुल्क, महसुलातला वाटा, सुरक्षा आणि व्याप्ती यांच्या होत्या. २००३ नंतरच्या एकत्रित परवान्यांत व्याप्तीची अट होती ती पहिल्या वर्षात १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालये जोडण्याची. मुख्यालय जोडले की अट पुरी. सिरोंचा किंवा धडगावसारखे दूरचे गाव त्या हिशेबात कुठेच येत नाही. २०१०च्या ३जी लिलावातून सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले, २०१२ मध्ये न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले. दोन्ही वेळा देशभर गाजलेला वाद लहरींच्या किमतीचा होता. त्या लहरींवरून माणसाला काय पोहोचले पाहिजे, हा वाद तितक्या आवाजात झाला नाही.

ग्राहकाने दाद मागायची ठरवली तर काय होत होते? १९५७ मध्ये जुन्या तार कायद्यात ‘७ ब’ हे कलम घालण्यात आले होते. तारयंत्रणेबद्दलचा वाद केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे न्यायचा, असे ते सांगे. त्या काळी फोन सरकारच चालवत होते, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच पंच नेमायचा. सप्टेंबर २००९ मध्ये केरळमधल्या एका टेलिफोन ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ठरवले की असे वाद ग्राहक मंचात चालणार नाहीत. पुढे अनेक वर्षे खासगी कंपन्यांच्या वकिलांनीही मोबाइल ग्राहकांपुढे हाच निकाल ठेवला. हा अडसर फेब्रुवारी २०२२ मध्ये दूर झाला, जेव्हा एका मोबाइल ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक मंचांचा अधिकार मान्य केला. मोबाइल सेवा तोवर सव्वीस वर्षांची झाली होती.

वेगाच्या नियमांची वाटचालही अशीच मंद. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, २०१३ मध्ये ५१२, आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०१२ मध्ये मोबाइल डेटाच्या गुणवत्तेचे नियम केले आणि २०१६ मध्ये वेग मोजण्याचे ‘मायस्पीड’ ॲप आणले. यावर अभियंत्यांचा आक्षेप गंभीर आहे. बिनतारी वेगाची हमी देताच येत नाही, कारण एका टॉवरची क्षमता त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. हे पूर्ण खरे आहे. पण यावरून प्रत्येक क्षणाची हमी अशक्य ठरते, मोजमाप अशक्य ठरत नाही. या टॉवरवर, संध्याकाळी सात ते दहा, महिन्यातल्या बहुतांश दिवशी अमुक वेग मिळाला की नाही, हे कंपनीच्या यंत्रणेला माहीत असते. अडचण मोजण्याच्या एककाची आहे. गुणवत्तेचे अहवाल वर्षानुवर्षे तिमाहीच्या आणि परवाना सर्कलच्या सरासरीने निघाले. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई वगळून राज्य, आणि सोबत गोवा. पुणे, पणजी आणि गडचिरोली यांची एक सरासरी काढली तर ती नियमात बसते, आणि गडचिरोलीत नेट न चालण्याची नोंद कुठेच उरत नाही. सर्कल ही आखणी परवाने विकण्यासाठी झाली होती. तिच्याच मापाने सेवा मोजणे म्हणजे ग्राहकाचा प्रश्न पुन्हा परवान्याच्या चौकटीत कोंबणे.

स्पर्धा हे काम आपोआप करते, असेही सांगितले जाते. किमतीबाबत ते खरे ठरले. सुरुवातीला मोबाइलवर बोलायला मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. २०१६ नंतर तर डेटा कमालीचा स्वस्त झाला. पण त्याच काळात देशभर सेवा देणाऱ्या कंपन्या मोजक्या उरल्या. ज्या गावात एकाच कंपनीचा टॉवर आहे, तिथल्या माणसाने सिम बदलून जायचे कुठे?

२०२३च्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. लहरींची मालकी लोकांच्या वतीने केंद्र सरकारकडे आहे, असे आता कायद्यातच लिहिले आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागण्याचा हक्कही अबाधित ठेवला आहे. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. मात्र रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागण्याचा १९३३चा नियम त्यातही आहे, आणि वापरकर्त्याने खोटी माहिती देऊ नये म्हणून दंडासह कर्तव्यांचे स्वतंत्र कलम आहे. वापरकर्त्याला मिळायच्या किमान वेगाचे कलम नाही. ते ट्रायच्या नियमांवर सोडले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर सेवेचे नकाशे दाखवणे बंधनकारक केले. त्या नकाशावर रंगवलेल्या गावात प्रत्यक्ष मोजलेला वेगही, टॉवरनिहाय आणि वेळेनिहाय, त्याच ठिकाणी जाहीर करायला लावणे ट्रायच्या अधिकारात बसते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. तो आकडा हाती असेल तर २०२२च्या निकालाने उघडलेल्या ग्राहक मंचात तक्रारदाराला पुरावा घेऊन उभे राहता येईल.